हुं न म्हणता ऐकायचं

ऐंशी सालाच्या आसपास नागपुरात माहितीपट काढणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी शिकाऊ म्हणून लागले. शिकाऊ आम्ही दोघं, मी आणि अमरावतीकडचा एक तरुण. जागा एकच होती, मुलाखती घेणाऱ्याची, आणि ती मला हवीच होती. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. नोकरी पक्की झाली तर ते जरा लांबेल, असा माझा हिशेब.

शिकवायला मुंबईहून आलेले दिग्दर्शक होते. त्यांचा पहिला नियम असा, की प्रश्न विचारला की आपण गप्प. ऐकताना हुं नाही, हो का नाही, अगंबाई तर मुळीच नाही. ध्वनिफितीवर आपला आवाज समोरच्याच्या शब्दावर चढला की कापून काढता येत नाही. पण आमच्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तर तो झोपला तरी असतो, नाहीतर रागावलेला. हे त्यांना कोण सांगणार?

माहितीपट धानाच्या शेतीवर होता. कुहीजवळच्या एका गावात मला एक आजी भेटली. रोवण्याच्या दिवसांत, भर पावसात, तिला शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, मुलगी झाली होती. पहिल्या खेपेला आजी सुंदर बोलली, आणि मीही. सगळ्यांसमोर फीत लावली तर तिच्यापेक्षा माझंच हुं हुं जास्त. तरुण खुदकन हसला. दिग्दर्शकांनी विचारलं, बाई, मुलाखत घेताय की कीर्तनात मागे साथ करताय? मला इतका संताप आला की त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही.

दुसऱ्या खेपेला मिठाची गुळणी धरून बसले. मान मात्र जोरजोरात हलवत होते. पण आजीच्या हातात सूप, नजर तांदळातल्या खड्यांवर. माझी मान तिला दिसणार कशी? जरा बोलली आणि थांबली.

"काहून वं, आयकून नाही राहिली का?"

ऐकते आहे म्हटलं, तर म्हणाली, मग हुंकार दे ना. मी फितीचं कारण सांगितलं. तिला ते पटलं नाही. सूप पाखडत ती सुनेच्या तक्रारी सांगू लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. मला दिग्दर्शकांचा राग आला, आजीचा आला आणि वाया चाललेल्या फितीचाही आला.

शेवटी वैतागून मी तिच्या हातातलं सूप काढून ठेवलं. म्हटलं, आजी, तुझ्या गुडघ्यावर हात ठेवते. जिथे हुं म्हणायचं तिथे दाबीन. तिला हसू आलं, पण जमलं. वेणा सुरू झाल्या तिथे मी दाबलं, बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला तिथे दाबलं, आणि ती पुढे पुढे सांगत गेली. पाऊस उघडायच्या आतच ती मुलगी गेली, हे तिने आधी सांगितलंच नव्हतं. माझा हात तिथेच राहिला. फितीवर फक्त तिचा आवाज आला.

दिग्दर्शकांनी फीत ऐकली, मला शाबासकी दिली आणि जागा तरुणाला दिली. गावोगाव मुक्काम असतात, बाईमाणसाला कसं जमेल, म्हणाले. वर मलाच गळ घातली, की चित्रीकरणाला तेवढ्या चला, म्हातारी त्याच्याशी बोलत नाही. मला नाही म्हणायचं होतं. पण आजीने गोष्ट अर्धवट सोडली असती, ते मला सोसलं नसतं. तो कॅमेऱ्यासमोर ऐटीत खुर्चीवर बसला. मी चौकटीबाहेर, खाली ओल्या जमिनीवर, आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून.

माहितीपट तयार झाल्यावर त्याच गावात शाळेच्या भिंतीवर दाखवला. मुलाखत घेणारा म्हणून तरुणाचं नाव आलं. मग आजी दिसली. तिचं एक वाक्य झालं, की तो मान हलवताना दिसे. पुन्हा एक वाक्य, पुन्हा त्याची मान. समोर सतरंजीवर बसलेली आजी थोडा वेळ बघत राहिली. मग मागे वळून दिग्दर्शकांना सगळ्या गावादेखत म्हणाली,

"हा कोन होय गा मान हालवनारा? मी तं त्या पोरीले सांगून राहिली होती."