टीव्हीवरचा डॉक्टर आणि आत्याची दाढ

मी डॉक्टर नाही, हे माझ्या सख्ख्या आत्याला पटवता पटवता एक दाढ खर्ची पडली. दाढ तिची होती.

झालं असं, की गोरेगावच्या स्टुडिओत काम करणाऱ्या माझ्या मित्राने एक दिवस माझं टक्कल आणि चष्मा न्याहाळला आणि म्हणाला, "यार, तू डॉक्टर झकास दिसशील!" (मी सरकारी कचेरीत कारकून. मॅट्रिकला शास्त्रात दोनदा नापास!) मला पांढरा कोट चढवला, हातात दंतमंजनाचा डबा दिला. "दाढदुखी? आता विसरा!" जाहिरातीत एवढंच बोलायचं होतं. मोबदला म्हणून खोकंभर मंजन मिळालं.

आठवडाभरात अख्ख्या मुलुंडने मला टीव्हीवर पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे राहणाऱ्या आत्याची दाढ ठणकायला लागली!

"आत्या, चल, दाताच्या डॉक्टरकडे जाऊ."

"कित्याक? डॉक्टर घरातच आसा!"

"अगं, तो कोट स्टुडिओतला! शास्त्रात नापास झालो तेव्हा माझे कान तूच उपटलेस ना?"

"तेव्हा तू टीव्हीवर नव्हतंस!"

कप्पाळ माझं! आत्या दिवसातून पाच वेळा ते मंजन घासू लागली. गाल फुगून नारळाएवढा झाला. तिसऱ्या दिवशी तिला पेजसुद्धा गिळवेना, वर ताप! माझं तर धाबंच दणाणलं.

बायको कडाडली, "म्हातारीचं काही बरंवाईट झालं ना, तर बसा मग तो कोट घालून मिरवत!"

शेवटी मी घसा खाकरला आणि टीव्हीवरचा आवाज काढला. "आत्याबाई, मी डॉक्टर म्हणून सांगतो, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन दाढ काढावी लागेल."

"मगे आधी नाय सांगूचा?" म्हणत ती चपला शोधू लागली! (तीन दिवस खरं बोलत होतो, तेव्हा ढिम्म हलली नव्हती.)

दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली आणि तिच्या हिरड्या बघून हबकलेच. "आजी, सुजेवर मंजन चोळायला कोणी सांगितलं?"

आत्याच्या तोंडात कापूस. तिने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी मला नीट निरखलं. "अरे देवा! ते तुम्ही? बसा खुर्चीत. आ करा!"

मी निमूटपणे आ केला.

"चार दाढा किडल्यात, साहेब! दात कशाने घासता?"

"त्याच मंजनाने," मी पुटपुटलो. "इतक्या खात्रीने सांगत होता ना तो टीव्हीवरचा डॉक्टर!"