हरणाबाईची मुरड

“नानासाहेब, खडीवरची माझी हजेरी लागंल का न्हाय, ते आधी सांगा. मग मुरड घालते.”

“तालुक्याचं सायेब आत्ता फराळाला येतेत, हरणाबाई! हजेरीचं बघू मागनं.”

बघू! सोसायटीच्या या चेरमननं दोन दुष्काळ गावाला ‘बघू’वरच पोसलं होतं. बायकोचे तिखट कानवले तेलात फुटतात म्हणून हरणाबाईला दुष्काळी कामावरनं उठवून आणलेलं. तिकडं खाडा पडला की मुकादम नावच कापायचा.

डाळीचं सारण भरून झालं होतं, कडा तेवढ्या उघड्या होत्या. हरणाबाईनं हात झटकले.

“मग कानवल्याचंबी मागनं बघू. न्हाईतर तुमीच घाला मुरड. मिशीला पीळ देताच की रोज!”

नानासाहेबांनी एक कानवला उचलला, तर सारण सगळं धोतरावर. मुकादम हजेरी घ्यायला उठायच्या आत हरणाबाई खडी फोडत बसलीबी.