आप्पांचा सरपंच

रामदास आप्पा पुस्तक उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे. बोटांच्या पेरांत बसलेली शाई सहज निघायची नाही, म्हणून कोपरापर्यंत घासायचे आणि मग हात वर धरून वाळवायचे, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे. जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटं त्यात जायची. आम्ही डबे उघडून कुरकुरत बसायचो. "पुस्तक परदेशनं शे," आप्पा म्हणायचे, "आंग धोईसन ऊनं. तुम्हनासारखं नही."

सुरतेजवळ बमरोलीच्या एका छपाई मिलच्या डिझाइन खात्यात आम्ही चौघे ट्रेसर होतो, चौघेही खानदेशातले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि कॉम्प्युटर अजून आमच्या पोटावर आला नव्हता. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावर साडीचं डिझाइन ठेवायचं आणि त्यातला एकेक रंग वेगळ्या फिल्मवर उतरवायचा. लाल कोणी, हिरवा कोणी, काळी रेघ कोणी. प्रत्येकाने आपल्या फिल्मच्या कोपऱ्यात नाव टाकायचं. सगळे रंग एकमेकांना भेटायचे ते थेट कापडावर. काळी रेघ सगळ्यांत अवघड, आणि ती आप्पांची.

नवं मशीन बसवायला युरोपातून एक गोरा इंजिनिअर आला होता. दोन महिने आप्पांच्या डब्यातला ठेचा खाऊन तो घामाघूम झाला आणि जाताना चित्रकथांची चार मोठी, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं त्यांना देऊन गेला. भाषा कोणती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. इंग्रजी नव्हती एवढं खरं. एक जाडा पोस्टमास्तर, त्याचा काडीसारखा मेहुणा आणि एक बदक. चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल मालकाला पोचवायला तिघे जगभर हिंडतात, मागे तीन चोर, आणि प्रत्येक पुस्तकात मेहुणा निदान चार वेळा पाण्यात पडतो. बदकाचं नाव आप्पांनी सरपंच ठेवलं होतं, कारण ते सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि करायचं काहीच नाही.

गोष्ट ते अहिराणीत सांगायचे. तोंडातून निघालेल्या फुग्यांत काय लिहिलंय, असं विचारलं तर म्हणायचे, "फुगाले काय दखतस? थोबाड दखा. अक्षर खोटं बोलस, थोबाड नही." एका पुस्तकात जिकडेतिकडे बर्फ होतं. आप्पांच्या गोष्टीत त्याचा कापूस झाला. शिवारात इतका पिकला की मेहुणा त्यात गळ्यापर्यंत बुडाला. मी म्हटलं, "आप्पा, बर्फ आहे हो ते."

"माले माहीत शे. पन बरफनं काय करशी? कापूस म्हनं का कसं पोट भरस."

आम्ही सगळे कापसाच्याच गावांतून उठून आलो होतो.

एके दिवशी त्यांच्या हातून दोन पानं एकदम उलटली. चित्रात मेहुणा नदीत गटांगळ्या खात होता आणि आप्पा रंगात येऊन कौलांवर पळणाऱ्या चोरांची गोष्ट सांगत होते. बाकीचे दोघे जेवणात गुंग होते. मी मात्र शेजारीच बसलो होतो. हात धुवायच्या नळापाशी त्यांना गाठून विचारलं, "आप्पा, कधीपासून?"

त्यांनी पुन्हा हातांना साबण लावला. मग म्हणाले, "दोन वरीस व्हयनात." डोळ्यांची नस सुकत चालली होती आणि डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. पुस्तकं त्यांना पाठ होती, म्हणून गोष्टींचं निभावत होतं; काळी रेघ मात्र आता हातातून निसटायला लागली होती. नोकरीपेक्षा त्यांना गावाची भीती होती. त्यांच्या वडिलांचेही डोळे असेच गेले होते, आणि लोक त्यांची काठी धरून त्यांना पारावर नेऊन बसवायचे, बिचारा बिचारा म्हणायचे. "माले कोनी बिचारा म्हनाले नको," आप्पा म्हणाले. एवढंच त्यांचं मागणं होतं.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते गोष्ट सांगायचे आणि मी एका हाताने भाकरी खात त्यांची काळी रेघ ओढायचो. बाकी दोघे दाराकडे लक्ष ठेवायचे. कोपऱ्यात नाव मात्र आप्पा स्वतःच्या हाताने टाकायचे. ते त्यांना न बघताही जमायचं. असे आठ-नऊ महिने गेले.

आणि मी माती खाल्ली. सरपंच धुराड्यात अडकला होता, आप्पा त्याचा आवाज काढत होते आणि माझा हात वेलीच्या पानांवरून चालला होता. कान तिकडे, हात इकडे. फिल्मवर हजार वळणांतलं ते एक वळण, कुणाच्या लक्षात येणार? पण कापडावर रंग एकमेकांवर पडले तेव्हा दर हातभर अंतरावर पानांतून एक बदक मान काढून बघत होतं.

शेठ कापडाचा तुकडा आणि ती फिल्म घेऊन खात्यात आले. फिल्मवर आप्पांचं नाव होतं. "आ कोणे दोर्युं?" हे कोणी काढलं, म्हणून ते गुजरातीत ओरडले.

माझ्या बायकोला सातवा महिना होता. मी मान खाली घालून टेबलाची काच पुसत राहिलो. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. आप्पांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, पण त्यांना काय दिसणार? ते शेजारच्या ट्रेसरला हळूच म्हणाले, "काय शे?" तो म्हणाला, "सरपंच." आप्पांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"में दोर्युं, शेठ," ते म्हणाले. "मन थयुं." मनात आलं म्हणून, बस.

त्याच दिवशी त्यांना काढलं. उधना स्टेशनवर मी त्यांची पिशवी धरून रडायला लागलो. म्हटलं, उद्या शेठला खरं सांगतो. त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. "खबरदार. डोया गयात म्हनीसन काढं, का मस्ती करी म्हनीसन काढं? गावमां काय सांगाले बरं वाटस, तूच सांग."

दोन वर्षांनी मी त्यांच्या गावी गेलो. तोवर त्यांना काहीच दिसत नव्हतं. ओट्यावर मांडीत पुस्तक उघडं होतं आणि भोवती दहा-बारा माणसं. पण त्या दिवशी गोष्ट पोस्टमास्तरची नव्हती, मिलची होती. सुरतेच्या शेठची साडी आप्पांनी कशी बदकांनी भरली आणि शेठ कसा बोंबलत आला, हे ते सांगत होते. लोक पोट धरून हसत होते. बिचारा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मी हाक मारली तसा आप्पांनी माझा आवाज ओळखला. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "दखा, हाऊ मना साक्षीदार ऊना. इचारा त्याले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांचा हात तसाच हवेत होता.

"खरं आहे," मी म्हटलं. "माझ्यासमोर काढलं आप्पांनी. एका रेघेत."