टिटवीचं बाळंतपण

आमच्या सोसायटीतले एक काका कंपनीतून रिटायर झाले, पण त्यांची शिफ्ट सुटली नाही. रोज सकाळी ते पवनेच्या काठावर हजर असतात. कोणी निर्माल्याची पिशवी घेऊन आला, की "राव, नदीला प्लॅस्टिक पचत न्हाई," म्हणून ती परत घरी न्यायला लावतात. निम्मी सोसायटी त्यांना टाळते, मीही टाळायचो.

गेल्या उन्हाळ्यात काठ सपाट करायला जेसीबी आला. काका खुर्ची टाकून वाटेतच बसले. ड्रायव्हर वैतागला, तसे म्हणाले, "भाऊ, हळू. मागं बाळंतीण हाय."

मागं गोट्यांत टिटवी अंड्यांवर बसली होती. ड्रायव्हरनं मशीन बंद करून मुकादमाला फोन लावला, "इथं बाळंतपण चाललंय. दुसरीकडं काम द्या."

पिल्लं निघेपर्यंत काकांनी पहारा दिला. टिटवी रोज त्यांच्याच डोक्यावर घिरट्या घालून ओरडायची. काका खूश होऊन म्हणायचे, "आई अशीच पायजे."