पाय टेकवायची सोय

कंबर दुखते असं चारचौघांत बोललं की आमच्या अमरावतीत प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. लसूण जाळलेलं तेल चोळ, गादी सोड, रोज उलटा लटक, लग्न कर. हे सगळं मी महिनाभर ऐकून घेतलं आणि शेवटी खऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक्स-रे दिव्यापुढे धरला, हाडात काही नाही म्हणाला, कमरेला पट्टा बांधा आणि सायकल बंद करा. मी सांगितलं, सायकल हेच माझं काम आहे. त्यावर त्याने विचारलं, मग गाडी का नाही घेत? अशा माणसाशी काय वाद घालायचा? पट्टा घेतला आणि निघालो.

काम म्हणजे आमच्या संघटनेची पत्रकं. ती लिहायचो मी आणि वाटायचोही मीच. त्या वर्षांत वऱ्हाडाच्या शेतीचं काय बिघडलं ते बघायला मुंबई-दिल्लीहून समित्या यायच्या आणि गाडीच्या काचा वर करून गावांतून निघून जायच्या. त्या काचांवर मी एक पानभर जळजळीत पत्रक लिहिलं होतं. आपण सायकलवर येतो याचा मला कोण अभिमान! नांदगाव खंडेश्वरकडे दिवसाला दहा गावं करायचो. खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं: कापसाला भाव द्या, खरेदी केंद्र वेळेवर उघडा.

पण दहा-पंधरा किलोमीटर झाले की कमरेच्या खालच्या टोकाला कोणीतरी पाचर ठोकतंय असं व्हायचं. सकाळी चप्पल घालायला भिंत धरावी लागे. हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. आमचे अध्यक्ष दयाळू. म्हणाले, बाळा, तू आता कार्यालयात बसून लिही, फेरी जीपला देऊ. जीप गावात कशी जाते ते मी पाहिलं होतं. गठ्ठा वेशीवर फेकायचा आणि पुढे. वाचायला बकऱ्या. मी हट्ट धरला तेव्हा ते म्हणाले, मागच्या वर्षी केलीस तशी बार्शीटाकळीची फेरी करून दाखव, ती नाही जमली तर खुर्चीवर बस.

एसटीच्या टपावर सायकल टाकून अकोल्याला उतरलो आणि बार्शीटाकळीकडे निघालो. पट्ट्याने घाम तेवढा काढला. गावाच्या तोंडाशी पोचलो तर सायकलवरून उतरताच येईना. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. मिस्त्री म्हातारा, दोऱ्याने बांधलेला चष्मा. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांनी दुखतं कुठे वगैरे विचारलं नाही. पट्टा सोडायला लावला आणि म्हणाले, त्या नळापर्यंत सायकल चालवून दाखवा. मी कण्हत गेलो, कण्हत आलो.

"सीट एवढी खाली कोणं केली?"

मीच, म्हटलं.

"काहून?"

मी समजावून सांगितलं. चौकात थांबायचं, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, पत्रक द्यायचं, दोन वाक्यं ठणकावून बोलायची आणि निघायचं. उतरत बसलं तर दिवसाला दहा गावं कशी होणार?

चाचा हसले असते तर बरं झालं असतं. "तुमी सायकल चालवूनच नाई राहिले, भाऊ. पाटावर बसून पाय हालवून राहिले. गुडघा छातीले भिडते, कंबर गोल होते, अन् वरून एका खांद्यावर हे पोतं."

माझ्या झोळीला ते पोतं म्हणाले. मग पाना घेऊन त्यांनी सीट चांगली वीतभर वर काढली, तिचं वर आलेलं नाक दाबून सरळ केलं, झोळी कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधली. अर्ध्या अर्ध्या तासाने खाली उतरून थोडं चालायचं, असं बजावलं. मी बसून पाहिलं. अंगठासुद्धा जमिनीला लागेना. तक्रार केली.

"मंग उतरा ना," चाचा म्हणाले. "मोठे साहेब हाये काय, वरूनच बोलून राहिले?"

पुढच्या गावात उतरावंच लागलं. सायकल स्टँडवर लावा, ट्यूब सोडा, गठ्ठा काढा. तेवढ्यात पारावरची चार माणसं आणि शेतातून परतणाऱ्या दोन बाया जमल्या. एका काकांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाले, "हे कापसाचं हाये. आमच्या इथं तं सारं सोयाबीन हाये." मी मान वर केली. खरंच, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच होतं. दोन बायांतली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "मागच्या साली बी हेच देऊन गेल्ते. थांबलेच नाई, तं सांगावं कोणाले?"

त्यांना विचारायचं होतं वेगळंच. पिशवीतलं बियाणं अर्धं उगवलंच नव्हतं, दुबार पेरावं लागलं, तर तक्रार कोणाकडे करायची? मला माहीत नव्हतं. समित्यांपुढे निदान काच तरी होती. मी तर काच नसताना बहिरा होतो.

अमरावतीला परतून हिशेब दिला: दिवसाला चार गावं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "चारच? एवढी तर जीप चहाच्या आधी करते."

मी म्हटलं, करू द्या, पण बार्शीटाकळीले बियाण्याचं पत्रक पाहिजे, अन् ते मीच घेऊन जाईन. ते म्हणाले, सोयाबीनबाबत कार्यकारिणीची भूमिका अजून ठरलेली नाही. पीक काढणीला आलं होतं आणि यांची भूमिका पेरायचीच होती. त्यांची ठरण्याआधीच मी कृषी कार्यालयात जाऊन तक्रारीची रीत विचारून घेतली आणि पत्रक लिहिलं. मग फेरी काढून घेता आली नाही, कारण ते पत्रक समजावून सांगणारा दुसरा कोणी नव्हता.

कंबर काही नवी झालेली नाही. सकाळी सतरंजीवर पाठ टेकून गुडघे छातीशी ओढतो, तेव्हा कुठे चालू होते. रस्त्यात दुखायला लागलं की उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. कधी बाजूने आमचीच जीप जाते, आतून कोणीतरी हात हलवतं. मी हलवत नाही.