कोंडलेलं इंजिन

मेडशीच्या फाट्यावरच्या त्या मेकॅनिकचं नाव मला आजही माहीत नाही. बाबांची जुनी जीप चढावर धापा टाकायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात द्या. त्यानं मात्र लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

मग गॅरेजच्या भिंतीवरच्या तांबड्या अमेरिकन गाडीच्या चित्राकडे तेलकट बोट करून बाबांना म्हणाला, "काका, ह्या गाड्या पहिले वाऱ्यासंगं पयत. मंग पेट्रोल महागलं, धुराचे कायदे आले, कंपन्यायनं इंजिनाचा गळा आवळला. लोक म्हणे, खतम! काही वर्सांनी त्यायले मोकळा श्वास घेऊ देला, तं पुन्हा तशाच पयाले लागल्या. इंजिन म्हातारं नोतं झालं, काका. कोंडलं होतं."

त्यानं धुळीनं बुजलेला एअर फिल्टर बदलला, सायलेन्सरमधली काजळी काढली. जीप हुंकारली.

बाबांच्या आजारपणानंतर, डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं तरी, त्यांच्याकडून किल्ली मीच काढून घेतली होती. निघताना त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली.

फाटा सुटताना बाबांनी त्या मेकॅनिकसाठी एकदाच लांब हॉर्न वाजवला, आम्हा दोघांच्या वतीनं.