पूल मागितला, नारळ मिळाला

गेल्या मंगळवारी दुपारी तालुक्याच्या सभागृहात सुमनताईंवर अन्याय झाला. त्या ओढ्यापलीकडच्या गावच्या सरपंच. पुढच्या वीस वर्षांत आपला भाग कसा वाढावा हे ठरवायला सगळ्या समाजांचे पुढारी जमले होते. ताईंना एवढंच सांगायचं होतं की, ओढ्यावर पूल नाही म्हणून पावसाळ्यात गावातल्या मुलींची शाळा बुडते.

पण आधी सत्कार! एकाला शाल दिली की दुसरा रुसतो, म्हणून सगळ्यांना शाल, सगळ्यांना नारळ, सगळ्यांचे फोटो. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांच्याही खांद्यावर शाल पडली आणि सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, भाषण पुढच्या वेळी. जेवण थंड होतंय."

नंतर त्या मला एसटी स्टँडवर दिसल्या. मांडीवर तो नारळ.

"पूल मागायला गेले होते रे," त्या हसल्या, "नारळच आधी दिला. आता फोडू कुठं?"

मला हसू आलं नाही. एकमेकांच्या दारात कधी न गेलेली माणसं त्या दिवशी एका रांगेत बसली होती, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण कुणाचा मान चुकू नये म्हणून सगळ्यांनी इतकी धडपड केली, की कुणाची अडचण ऐकायला वेळच उरला नाही. अशी वीस वर्षं सहज निघून जातील.

एसटी आली. ताई नारळ सांभाळत चढल्या.

पुढच्या बैठकीचं बोलावणं तुम्हालाही येईल. शाल घ्यायला उठू नका. माइक आधी सुमनताईंच्या हातात द्या.